प्रोस्टेटचं ऑपरेशन: आधीची धाकधूक, नंतरचे दिवस (अनुभव धागा)

कृष्णाकाठ

वय ६७, मुक्काम कराड. सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, ७८ ग्रॅम निघाली, एरवी ती २०-२५ असते म्हणे. त्यासाठी टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड या गोळ्या सुरू होत्या, बरं चाललं होतं. मग एका बारशाहून एसटीने परतताना लघवी पूर्ण तुंबली. तो प्रवास शत्रूलाही नको. दवाखान्यात नळी घातली तेव्हा लिटरभर लघवी निघाली. पुढे नळी काढून पाहिली, धार सुरूच होईना, पुन्हा नळी. आता पंधरवड्यात टीयूआरपी, म्हणजे वाढलेली प्रोस्टेट दुर्बिणीतून खरवडून काढायचं ऑपरेशन, ठरली आहे.

‘साधं ऑपरेशन आहे’ हे मला रोज दहा जण सांगतात. ज्याचं नाही त्याला सगळंच साधं. मला मात्र पहाटे तीनला जाग येते. नळी असल्यामुळे लघवीला उठायचं कारण उरलेलं नाही, तरी येते. मग छातीत धडधड आणि नको ते विचार: कमरेत सुई चुकली तर? लघवीवर ताबाच राहिला नाही तर? गाठीत भलतंच काही निघालं तर?

पुरुष या विषयावर बोलत नाहीत. पारावर गुडघ्यांची चर्चा तासभर चालते, याची दोन मिनिटंसुद्धा नाही. म्हणून हा धागा. आधी भीती कशी हाताळलीत आणि नंतर शरीर कसं रुळावर आलं, दोन्ही सांगा. उपदेश नको, स्वतःचं किंवा घरातलं सांगा. डॉक्टरांची, रुग्णालयांची नावं नकोत.

निवृत्त मोटरमन

काका, मी लोकल चालवायचो. लघवी धरून ठेवण्यात उभं आयुष्य गेलं, त्यामुळे प्रोस्टेटने सूड उगवला असं घरचे म्हणतात. डॉक्टर म्हणाले तसा काही संबंध नाही, वय हेच कारण. सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतात, त्यात ३५ पैकी २६ आले. शाळेत इतके कधी मिळाले नव्हते.

ऑपरेशनची भीती म्हणाल तर ती थिएटरच्या दारापर्यंतच. आत गेल्यावर सगळे इतके कामात असतात की आपल्यालाही आपण कामावर आल्यासारखं वाटतं. कमरेत सुई टोचली ती रक्त काढताना टोचते त्याहून थोडी जास्त. मग पाय गरम झाले, जड झाले आणि माझे राहिले नाहीत. पोटावर कुठे चिरा नाही, सगळं लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून. समोर पडदा होता. मी एकदाच पाहिलं, मग छताकडे बघत पडून राहिलो.

खरी परीक्षा नंतरची रात्र. नळी तीन तोंडांची असते. एकातून फुगा फुगवतात, दुसऱ्यातून सलाईन आत जातं आणि तिसऱ्यातून बाहेर. वर तीन-तीन लिटरच्या पिशव्या टांगलेल्या, खाली दुसरी पिशवी. तिच्यातला रंग आधी कोकम सरबतासारखा, मग गुलाबी, सकाळपर्यंत बराच फिका. मध्यरात्री एकदम असह्य कळ आली, लघवीला जोरात लागल्याची. सिस्टर म्हणाली, ‘आजोबा, नळी आहे, तसं वाटतंच.’ मी म्हटलं, ‘ताई, खाली थेंब पडत नाहीयेत, जरा बघा.’ तिने बघितलं. गुठळी अडकली होती. मोठ्या सिरिंजने सलाईन मारून ओढून काढली आणि पुढच्या मिनिटाला मी माणसात आलो. तेव्हा काका, एवढंच करा: तुमच्यापाशी रात्री जो थांबेल त्याला त्या खालच्या पिशवीत धार पडतेय का, हे बघायला सांगून ठेवा. वर चालू आणि खाली बंद असेल तर लगेच सिस्टरला उठवायचं. संकोच करायचा नाही.

सदाफुली

मी रुग्णाची बायको. आमच्याकडे भीतीने रागाचं सोंग घेतलं होतं. तारीख ठरल्यापासून हे चहा गार का म्हणून चिडायचे. एका रविवारी मला समोर बसवून एफडीच्या पावत्या, एलआयसीची कागदपत्रं, लॉकरची किल्ली, सगळं समजावून सांगितलं. नॉमिनेशनचा फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता. मी ‘असलं काही बोलू नका’ म्हटलं नाही. वही काढली आणि उतरवून घेतलं. त्या रात्री ते पहिल्यांदा शांत झोपले. धीर द्यायचा म्हणजे तोंड बंद करायचं नसतं, हे माझं मत.

दुसरी गोष्ट इथे कोणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते. त्यांच्या मनात काय सलत होतं ते मला ठाऊक होतं, पण डॉक्टरांसमोर ते हवापाण्यावर बोलत होते. शेवटी मीच विचारलं, ‘डॉक्टर, नंतर नवरा-बायकोच्या संबंधांचं काय?’ मलाही लाज वाटली, नाही असं नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं: या ऑपरेशननंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. त्याचा अपाय नाही. ताठरता बहुतेकांची आधी होती तशीच राहते. मूल हवं असेल तर मात्र आधी सांगा. साठीतल्या जोडप्याला हे ऐकवताना त्यांनाही हसू आलं. बाहेर पडल्यावर हे म्हणाले, ‘बरं झालं विचारलंस.’ लग्नाला सदतीस वर्षं झाली, हे वाक्य क्वचित ऐकलंय.

भूलवैद्य

मी भूल देतो, त्यामुळे या टेबलाच्या डोक्याच्या बाजूने लिहितो.

कृष्णाकाठ, कमरेतली सुई पाठीच्या कण्यात जिथे टोचतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, खाली फक्त मज्जातंतूंचे धागे असतात. ‘सुई चुकून लुळा पडलो’ ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते, प्रत्यक्षात तसं होणं अतिशय दुर्मीळ. काहींचं नंतर दोन-तीन दिवस डोकं दुखतं, बसल्यावर जास्त, आडवं झाल्यावर कमी. तसं झालं तर सांगा, त्यावर उपाय आहे.

रुग्ण जागा असला की आम्हाला फायदा असतो. पूर्वी ऑपरेशन चालू असताना आतून धुण्यासाठी ग्लायसिनचं पाणी वापरत. ते रक्तात जास्त शोषलं गेलं की सोडियम उतरायचं आणि माणूस बरळायला लागायचा. गप्पा मारता मारता रुग्ण विसंगत बोलू लागला की आम्ही सावध व्हायचो. आता बायपोलर यंत्र आणि लेझरमुळे साधं सलाईन चालतं, तो धोका खूप कमी झालाय. पण गप्पा मी अजून मारतो. पीकपाणी, नातवंडं, क्रिकेट. नाडीचा वेग उतरताना मॉनिटरवर दिसतो.

तपासणीला याल तेव्हा सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिकही. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. विशेषतः स्टेंट बसवला असेल तर ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरतं. मधुमेहाच्याही काही गोळ्या दोन-तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या रुग्णालयाने दिलेली वेळ पाळा. आणि ‘मला फार भीती वाटते’ हे शब्द आम्हाला ऐकवा. आदल्या रात्री झोपेची हलकी गोळी देता येते. न सांगितलेल्या भीतीने सकाळी रक्तदाब चढतो आणि कधीकधी ऑपरेशनच पुढे जातं.

पिंपळपान

माझे वडील, लातूरजवळ शेती. ‘म्हातारपणी धार बारीक होतेच’ म्हणत राहिले. त्रास दुखण्याचा नव्हताच, कपडे ओले व्हायचे एवढाच. पायावर सूज आली म्हणून तपासलं तर मूत्राशय काठोकाठ आणि दोन्ही मूत्रपिंडं सुजलेली. क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालेनाशी झाली की रक्तात वाढतं ते) ६ च्या वर. आधी कित्येक दिवस नुसती नळी ठेवली, क्रिएटिनिन उतरल्यावरच ऑपरेशन. महात्मा फुले योजनेत झालं. मूत्रपिंडं बरीचशी सावरली, पूर्ण नाहीत. ऑपरेशनची भीती वाटणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही मनात धरावी.

टेम्सकाठचा

इंग्लंडमध्ये एनएचएसकडून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, होलेप झालं, म्हणजे लेझरने गाठ सोलून काढतात आणि आतच बारीक करून शोषून घेतात. मोठ्या प्रोस्टेटला ते बरं पडतं. प्रतीक्षा यादी लांबलचक, ऑपरेशन झटपट. दुसऱ्या दिवशी मांडीला पिशवी बांधून घरी. भीती वाटायला उसंत मिळाली नाही, पुण्याहून येणाऱ्या फोनांनी मात्र घाबरवलं. बहिणीच्या दिरांच्या ओळखीच्या कोणाचं तरी नेहमी बिघडलेलं असतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचा आभारी आहे. मोटरमनसाहेब, तो पिशवीचा मुद्दा मुलाला वाचून दाखवला. भूलवैद्य, तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. एक पोरकट वाटेल असा प्रश्न: ऑपरेशननंतरची नळी काढताना दुखतं का? आणि गाठीत काही निघालं तर, यावर कोणीच बोललं नाही.

निवृत्त मोटरमन

फुग्यातलं पाणी काढतात, ‘खोकला काढा’ म्हणतात, आणि तुम्ही खोकेपर्यंत ती बाहेर. चरचरतं खरं. पहिल्या लघवीला डोळ्यांत पाणी आलं, पण धार पाहून. नंतर काही आठवडे लागली की धावावं लागतं, धोतराला वेळ नसतो, लेंगा नाडीऐवजी इलॅस्टिकचा ठेवा.

आणि साधारण दुसऱ्या आठवड्यात अचानक लाल लघवी झाली तर हातपाय गाळू नका. आतली खपली सुटते. भरपूर पाणी प्यायलो, पडून राहिलो, उतरलं. गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली तर मात्र रात्र असो की पहाट, सरळ दवाखाना.

खान्देशी ठेचा

शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण माझ्या गाठीत निघालं. पण आधी हे: टीयूआरपीत काढलेले तुकडे तपासायला पाठवतातच, तो नेम आहे. तुम्हाला संशय आहे म्हणून नाही.

माझं पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) १४ होतं. एमआरआय, मग बायोप्सी, कॅन्सर निघाला; ग्लीसन, म्हणजे तो किती आक्रमक ते सांगणारा आकडा, ३+४, म्हणजे ७. शब्द कळले नाहीत, डॉक्टरांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, तोही कळला नाही. जळगावहून टाटाला गेलो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथे आपल्यापेक्षा कितीतरी गंभीर आजाराची माणसं सकाळी दात घासत, भांडत, मुलांना ओरडत असतात. मला ध्यान, श्वास, जप यातलं काहीच जमलं नाही. त्या व्हरांड्यात बसणं जमलं.

रोबोटने प्रोस्टेट पूर्ण काढली. रोबोट स्वतः काही करत नाही, सर्जन बाजूला बसून त्याचे हात चालवतात. पोटावर पाच-सहा भोकं, जागा झालो तेव्हा चेहरा सुजलेला आणि गॅसमुळे खांदा दुखत होता. नळी आठवड्यापेक्षा जास्त. ती निघाली आणि खरा धक्का बसला: लघवी थांबेचना. उठलो की, शिंकलो की, हसलो की. मेडिकलमध्ये मोठ्या माणसांचे पॅड मागायला पहिल्यांदा मुलाला पाठवलं. नंतर स्वतः गेलो. दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, बायकांच्या पॅडसारखे. तेव्हा बायकोकडे बघून मी काय समजायचं ते समजलो.

फिजिओथेरपिस्टने कीगलचे व्यायाम शिकवले. वारा सरायला आला आणि चारचौघांत अडवायचा झाला तर जो स्नायू आवळतो, तो. पाच-सात सेकंद धरायचा, तितकाच वेळ सोडायचा, पोट आणि मांड्या ढिल्या. नळी असताना करायचा नाही. उठण्याआधी, खोकण्याआधी आवळायची सवय लावली. आधी बदल कळत नाही. मग एक दिवस सकाळपासून पॅड कोरडा आहे हे दुपारी लक्षात येतं. वर्ष पुरं होताना बाहेर जाताना एक पातळ पॅड, तोही बहुधा मनाच्या समाधानासाठी. संबंधांचं म्हणाल तर या ऑपरेशनचा हिशेब टीयूआरपीपेक्षा वेगळा आहे. एका बाजूच्या नसा वाचवता आल्या, गोळ्या सुरू आहेत, पूर्वीसारखं नाही. बायको म्हणते, तू आहेस ना. माझी चिडचिड होते, अजूनही.

भीती ऑपरेशनबरोबर संपली नाही. दर तीन महिन्यांनी पीएसए. रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. आजवर प्रत्येक वेळी ०.१ च्या खाली आलंय.

सदाफुली

खान्देशी दादा, ‘तू आहेस ना’ हे ती समजूत म्हणून म्हणत नसावी. तेवढं तिला विचारून बघा.

भीमाशंकर

एक पुरवणी. माझी टीयूआरपी छान झाली, आणि आठेक महिन्यांनी धार परत बारीक. मनात पाल चुकचुकली, गाठ वाढली की काय. निघाला स्ट्रिक्चर, म्हणजे मूत्रमार्गात व्रणाने आलेला आकुंचितपणा. दुर्बिणीतून कापून मोकळा केला. धार पुन्हा मंदावली तर वयावर ढकलू नका, यूरोफ्लो करून घ्या. यंत्रात लघवी करायची, बस.

कृष्णाकाठ

झालं एकदाचं. परवा घरी आलो. भूल देणारे डॉक्टर मला उसाच्या दराबद्दल विचारत होते, मी वाद घालत होतो, तेवढ्यात ‘झालं’ म्हणाले. नळी अडकली नाही, पण मुलगा रात्रभर खुर्चीवरून पिशवी मोजत होता. आता जळजळ आहे, घाई आहे, रात्री तीनदा उठतो. तुकड्यांचा रिपोर्ट यायचा आहे, त्यामुळे पहाटेची जाग तशीच. इसबगोल सुरू, कुंथायचं नाही अशी ताकीद आहे. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे वजन उचलायचं नाही आणि स्कूटर नाही. मळा तीन किलोमीटरवर आहे. स्कूटर हळू चालवली तर?

निवृत्त मोटरमन

नाही. सहा म्हणजे सहा. मुलाच्या मागेसुद्धा बसायचं नाही. किल्ली वहिनींकडे द्या, आणि कुठे ठेवली हे विचारू नका.