सेशेल्समधल्या जायंट ट्रेव्हलीसाठी फ्लाय रॉड: ११ की १२ वेट?

निळीखाडी: जायंट ट्रेव्हली या मोठ्या समुद्री माशासाठी उथळ पाण्यात चालत फ्लाय मासेमारी (जड लाईनच्या जोरावर हलकं कृत्रिम आमिष फेकायची) करायची आहे. मासे २० किलोच्या पुढचे असू शकतात. ११ वेट (वेट म्हणजे रॉड आणि लाईनच्या ताकदीचा क्रमांक) हलका पडतो, दिवसभर हात दुखत नाही. तो पुरेल का?

गळकरी: १२ वेटच घ्या. ९ फुटी, चार तुकड्यांचा. कारण लाईन फेकणं नाही, मासा थांबवणं आहे. हा मासा गळाला लागताच पोवळ्याच्या खडकाकडे सुसाट धावतो आणि लीडर, म्हणजे लाईन आणि गळ यांच्यामधला दोरा, घासून तुटतो. त्याला वळवायची ताकद रॉडच्या खालच्या भागात, म्हणजे बटमध्ये लागते. दुकानात टोक हलवून काही कळत नाही. लाईन ओवून, तिचं टोक दुसऱ्याला धरायला लावून बट किती वाकतो ते बघा. लीडर १०० पौंडांच्या वर ताण सोसणारा, रीलचा ड्रॅग (लाईन सुटताना रोखणारा ब्रेक) सीलबंद.

भरतीओहोटी: लाईनचं वजनही तपासा. १२ वेटचं मानक पहिल्या ३० फुटांना ३८० ग्रेन (वजनाचं छोटं एकक), पण या माशासाठीच्या बऱ्याच लाईनी त्याहून जड असतात; मऊ रॉड त्यांनी कोलमडतो. लाईन उष्ण हवामानाचीच हवी, थंड पाण्याची उन्हात लिबलिबीत होते.

गळकरी: बरोबर. आणि रॉड मोडतो तो बहुधा मासा जवळ आल्यावर, सरळ उभा धरल्यामुळे. सगळा ताण टोकावर जातो. कोन ४५ अंशांच्या खालीच ठेवा, बाजूला ओढा. गळ रुतवतानाही रॉड उचलू नका, डाव्या हाताने लाईन जोरात खेचा.

निळीखाडी: मग १२ ठरला. आभारी आहे.