शाळेच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रेकॉर्ड करून धडा: फाइल उघडत नाही, आवाज घुमतो, टीव्हीवर चित्र नाही

शहादा_गणित
राम राम मंडळी. आठवीच्या 'त्रिकोणाच्या मध्यगा' या घटकावर जिओजेब्रा (आकृत्या काढून हलवून दाखवायचं गणिताचं सॉफ्टवेअर) दाखवत ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरने रेकॉर्डिंग करतो आहे. डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, विंडोज १०, यूपीएस नाही. अडचणी चार:
१. मध्येच लाईट गेली की तोवरची एमपी४ फाइल उघडतच नाही.
२. मोबाइलचा इअरफोन गुलाबी जॅकमध्ये लावला तर आवाज येत नाही. वेबकॅमचा माइक चालतो, पण पंखा ऐकू येतो आणि आवाज घुमतो.
३. व्हॉट्सअॅपवर पाठवलं की आकडे पुसट होतात.
४. फोनच्या कॅमेऱ्याने घेतलेला व्हिडिओ वर्गातल्या टीव्हीवर पेनड्राइव्हने लावला तर नुसता आवाज येतो, चित्र नाही.

तापीकाठ
सर, पहिली अडचण आजच सुटेल. एमपी४ मध्ये कुठला भाग कुठे आहे याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर, शेवटी लिहिली जाते. त्याआधी लाईट गेली तर फाइलमध्ये सगळं असूनही प्लेअरला ती वाचता येत नाही. 'सेटिंग्ज'मधल्या 'आउटपुट'मध्ये रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही करा. लाईट गेली तरी शेवटचे काही सेकंद सोडून बाकी सगळं हाती राहतं. नंतर 'फाइल' मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'मधून एमपी४ करून घ्या. त्यात दर्जा उतरत नाही आणि वेळही फारसा लागत नाही.

तुमच्या मशीनसाठी आउटपुट रिझोल्यूशन १२८० × ७२० आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) २० ठेवा. जिओजेब्रात बिंदू सरकवायला तेवढे पुरतात, ६० ची काही गरज नाही. रेकॉर्डिंग क्वालिटी 'सेम अॅज स्ट्रीम' निवडा, म्हणजे फाइल किती मोठी होणार ते आधीच कळतं. व्हिडिओ बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट) ८०० आणि ऑडिओ ९६ धरला तर मिनिटाला साधारण ६.७ एमबी, सात मिनिटांचा धडा ४७ एमबीच्या आसपास. खाली 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड' असं दिसलं तर ब्राउझर बंद करा, तरीही दिसलं तर एफपीएस १० करा.

'डिस्प्ले कॅप्चर'ऐवजी 'विंडो कॅप्चर' घ्या, म्हणजे पूर्ण स्क्रीन न जाता फक्त जिओजेब्राची खिडकी जाते. कॉम्प्युटरवर मुलांच्या याद्या उघड्या असतात, त्या चुकूनही व्हिडिओत जायला नकोत.

धुळे_लॅब
इअरफोनची पिन नीट बघा. तिच्यावर तीन काळे पट्टे असतील तर एकाच पिनमध्ये ऐकायची आणि बोलायची अशा दोन्ही वायरी आहेत. डेस्कटॉपचा गुलाबी जॅक फक्त दोन पट्ट्यांची माइकची पिन ओळखतो. एका टोकाला एक भोक आणि दुसऱ्या टोकाला दोन पिना असलेला स्प्लिटर मोबाइलच्या दुकानात मिळतो. त्याची माइकची पिन गुलाबीत, हेडफोनची हिरव्यात.

आता पंखा. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये पंखा बंद करून रेकॉर्ड करा असं सांगण्यात अर्थ नाही. ओबीएसमध्ये माइकच्या 'फिल्टर्स'मध्ये 'नॉइज सप्रेशन' जोडा आणि 'आरएननॉइज' निवडा. पंख्याची एकसारखी घरघर ते चांगलं काढतं. मशीन अडखळलं तर 'स्पीक्स' निवडा, ते हलकं आहे पण आवाज थोडा बिघडवतं.

घुमणं मात्र कुठलाच फिल्टर नीट काढत नाही. उघड्या भिंती आणि वर पत्रे असले की आवाज तिथून परत माइकमध्ये येतो. उपाय साधा आहे: तोंडासमोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा, दुसरी टेबलावर अंथरा, आणि माइक तोंडापासून एक वीत अंतरावर घ्या. अगदी समोर नको, थोडा बाजूला. नाहीतर फ, भ, ठ म्हणताना हवेचा फटका बसतो. बोलताना ओबीएसमधला आवाजाचा मीटर पिवळ्या पट्ट्यात, उणे २० ते उणे १० डेसिबलच्या मधे राहू द्या. लाल पट्ट्यात गेला की आवाज फाटायची भीती.

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माइकचा सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झवर आणि ओबीएस ४८ वर असेल तर लांब रेकॉर्डिंगमध्ये आवाज चित्राच्या मागेपुढे होऊ शकतो. दोन्हीकडे ४८ करा.

तापीकाठ
राहिलेल्या दोन. व्हॉट्सअॅपवर गॅलरीतून पाठवलं की ते व्हिडिओ दाबतं. पिनच्या चिन्हावरून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. टीव्हीचं कारण बहुतेक एचईव्हीसी, म्हणजे व्हिडिओ जास्त दाबून साठवायची नवी पद्धत, असणार. नवे फोन जागा वाचवायला त्यात रेकॉर्ड करतात, जुन्या टीव्हीला ते कळत नाही. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फास्ट ७२० पी ३०' हा प्रीसेट लावून फाइल एच.२६४ या जुन्या पद्धतीत करून घ्या.

अमळनेरची_बाई
सर, तांत्रिक बाजू झाली, आता धड्याबद्दल. सात मिनिटं सलग बोलू नका. मध्यगासंपात (तिन्ही मध्यगा एकमेकींना छेदतात तो बिंदू) दाखवून लगेच 'गुणोत्तर २ : १' असं सांगून टाकलं तर वर्गाला करायला काहीच उरत नाही. संपात बिंदू दिसला की स्क्रीनवर 'मध्यगेचे दोन्ही भाग मोजा' एवढं लिहा आणि पाच सेकंद गप्प राहा. वर्गातले शिक्षक तिथे टीव्ही थांबवतील, मुलं पट्टीने वहीत मोजतील. नंतरच्या तुकड्यात शिरोबिंदू सरकवून गुणोत्तर तेच राहतं हे दाखवा.

ही थांबायची जागा आपल्या भागात फार कामाची आहे. हाच व्हिडिओ धडगावला गेला तर तिथली मुलं घरी पावरी बोलतात, आमच्याकडची अहिराणी. रेकॉर्डिंग प्रमाण मराठीत असू द्या. त्या थांब्यावर शिक्षक मुलांच्या बोलीत विचारतील.

जिओजेब्राच्या सेटिंगमध्ये अक्षर २८ करा आणि विंडोजमध्ये माउसचा बाण मोठा, पिवळा करा. शेवटच्या बाकावरून तो पांढरा बारीक बाण दिसतच नाही.

शहादा_गणित
ताई, सर, खूप आभार. एमकेव्ही केलं, रेकॉर्डिंग चालू असताना मुद्दाम मेन स्विच बंद करून पाहिला, फाइल उघडली. थांबे किती ठेवू, ताई?

अमळनेरची_बाई
सात मिनिटांत तीन. आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल करा, नावं ०१, ०२, ०३ अशी. टीव्ही पेनड्राइव्हवरच्या फाइली बहुधा नावाच्या क्रमाने दाखवतो. एखादा तुकडा चुकला तर तेवढाच पुन्हा रेकॉर्ड करायचा.