फिलिपाइन्सची सिनेट: खुर्च्या २४, भावंडांच्या जोड्या ४

तिरकस: २०२५च्या निवडणुकीनंतर फिलिपाइन्सच्या २४ जणांच्या सिनेटमध्ये (संसदेच्या वरच्या सभागृहात) भावंडांच्या चार जोड्या बसल्यात. कायेतानो, व्हिलार, टुल्फो आणि चौथी जोडी जिंगॉय एस्ट्राडा–जेव्ही एहेरसितो या सावत्र भावांची. तिसरा हिस्सा चार घरांत! त्या दोघांचे वडील जोसेफ एस्ट्राडा हे सिनेनट. १९९८ला राष्ट्राध्यक्ष झाले, २००१ला लोकांनी रस्त्यावर उतरून घालवले. १९८६ला ज्या हुकूमशहा मार्कोसला देश सोडायला लावला, त्याच्या मुलाला २०२२ला राष्ट्राध्यक्षपदासाठी तीन कोटींवर मतं. मारधाडपटांचा हिरो रॉबिन पादिल्या त्याच वर्षी सिनेटच्या निकालात पहिला. मतदारच असे असतील तर दोष कुणाला देणार?

बोटीवरचा: अकरा वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, अर्धा क्रू कायम फिलिपिनो. 'बोबोतांते' हा शब्द त्यांच्याकडूनच ऐकला. बोबो म्हणजे मठ्ठ, बोतांते म्हणजे मतदार. शहरी, शिकलेली पोरं तो गरिबांसाठी वापरतात. आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) त्यावर भडकायचा. त्याच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलचं बिल फिटलं ते पुढाऱ्याच्या हमीपत्रावर. तिथे बिल भागत नसेल तर पुढाऱ्याच्या कचेरीबाहेर रांग लावायची, ही जनरीतच आहे. "कुया, मी घराणं बघू की आई?" असं त्याने मला विचारलं होतं. (कुया म्हणजे दादा.) मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का?

तिरकस: सुचतंय. हमीपत्र पुढाऱ्याच्या खिशातून येत नाही, सरकारी पैशातून येतं. आपलेच पैसे उपकार म्हणून घ्यायचे आणि वर मतही द्यायचं? बोसनचं दुःख खरं आहे, हिशोब चुकलाय.

बोटीवरचा: हिशोब त्यालाही कळतो हो. पण बिल आज भरायचं असतं.

शेवंता: दोघंही रचनेबद्दल बोलतच नाही आहात. सिनेटला मतदारसंघ नाही, अख्खा देश एकच. दर तीन वर्षांनी १२ जागा आणि मतपत्रिकेवर साठाहून जास्त नावं. दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरच्या शेतकऱ्याने १२ नावं आणायची कुठून? टीव्हीवरून, नाहीतर आडनावावरून. १९८७च्या राज्यघटनेत राजकीय घराण्यांना मनाई आहे, फक्त घराणं म्हणजे काय ते कायद्याने ठरवायचं. तो कायदा संसदेने आजवर केलेला नाही. करणार कोण, तीच घराणी ना! अपवाद एकच: २०१६ला गावपातळीवरच्या युवक मंडळांना नियम लावला, सत्तेवरच्या माणसाचा जवळचा नातेवाईक उभा राहू शकत नाही. पोरांना शिस्त, थोरांना मोकळीक.

तिरकस: रचना एवढी पक्की असती तर २०२५ला बॉक्सर मॅनी पॅक्वियाओ पडला नसता. नट बाँग रेव्हिल्या, टीव्हीवाला विली रेव्हिल्यामे, तेही पडले. त्याच मतदाराने बाम आकिनोला दुसऱ्या क्रमांकाची मतं दिली. म्हणजे ठरवलं तर जमतं.

शेवंता: बाम आकिनो कोण? एका राष्ट्राध्यक्षांचा चुलतभाऊ, दुसऱ्यांचा पुतण्या. पाचवा आलेला किको पांगिलिनान सुपरस्टार शॅरन कुनेताचा नवरा. माणसं बरी असतील, पण आडनाव आणि पडदा इथेही आहेच.

बोटीवरचा: जुन्या मुरलेल्या पुढाऱ्याला तिकडे 'त्रापो' म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ फडकं. बोसन पायऱ्या पुसताना फडक्याला पुढाऱ्यांची नावं द्यायचा. सुट्टीवर गेला की मत मात्र त्यांनाच.