प्रतिसाद: दाखला घेऊन जा म्हणणाऱ्या शाळा

नागपुरातल्या मानेवाड्याच्या ताईंच्या सातवीतल्या मुलाला फी थकली म्हणून शाळा दाखला घेऊन जा म्हणते, काय करू, असं त्यांनी इथे विचारलं, आणि उत्तर मिळतं की खासगी शाळेपुढे सरकारचं काही चालत नाही. असं नाही हो. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १६ सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत मागे ठेवायची मुभा दिली, काढून टाकायची नाही. (अल्पसंख्याक शाळा २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे या कायद्याबाहेर आहेत, ते आधी तपासा.) ताई, कलम ३२ खाली लेखी तक्रार द्या आणि पोच घ्याच. निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. नाही पटला तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं. तोवर दाखल्याच्या अर्जावर सही करू नका.

शाळेत मराठी सक्तीची आहे का, असंही विचारलंय. महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने बोर्ड कोणतंही असो, पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे आणि मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. नागपुरात हिंदीवर सगळं भागतं म्हणून आपण पालकच विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पुढच्या पालकसभेत वेळापत्रक मागा, मराठीच्या तासिका मोजा.