टाकी ओव्हरफ्लो, शेजारी कोरडे: ग्रामसभेत काय मांडावं?

अमळनेरकर_ताई:
आमच्या गावात नळ चौथ्या दिवशी येतो, अन् आला की वरच्या आळीत टाक्या भरून पाणी गटारीत जातं, खालच्या आळीत मात्र हंडाभर मिळायची मारामार. तोटीच नाही कित्येक नळांना, चिंधी कोंबलेली असते. आता गावाच्या विकास आराखड्याची ग्रामसभा आहे, काय मागू?

धुळेकर:
ताई, आधी वॉल्व्ह अन् मोटारींचं बोला. लाईनला डायरेक्ट मोटार लावली की पुढच्याचं पाणी ओढलं जातं, तेच मूळ आहे. जलजीवन मिशनचा, म्हणजे घरोघरी नळाच्या सरकारी योजनेचा, निकष माणशी रोज 55 लिटर, म्हणजे पाच जणांच्या घराला 275, ते सगळ्यांना पोचतं का हे मोजायला लावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच, होता, त्यातला अर्धा पाण्यासाठीच; त्यातलं काही शिल्लक असेल तर तोट्या त्यातूनच मागा.

साक्रीवाला:
आपल्याकडे पांझरा नदीवर शेतीचं पाणी मिळून वाटायची फड पद्धत होती ना, पाळी ठरलेली, पाटकरी पाणी सोडायचा, सगळ्यांना मान्य. तशीच आळीवार पाळी लावा, खालची आळी आधी.

रावेरचा_केळीवाला:
अन् छताचं पाणी विसरू नका भाऊ. 50 चौरस मीटर पत्रा, 600 मिमी पाऊस, म्हणजे 30 हजार लिटर, गळती धरून 24 हजार तरी बोअरजवळ जिरवता येतं. आमच्याकडे बोअर खोल खोल चालल्यात, म्हणून जीव तुटतो.

अमळनेरकर_ताई:
पाळीचं पटलं. उद्याच खालच्या आळीतल्या बायांना घेऊन बसते.