सुपरबगवर लस, आणि मध्येच विडाल

रामबागकर: कालची इथली पोस्ट: "सुपरबगवर लस येतेय, अँटिबायोटिक इतिहासजमा." सुपरबग म्हणजे औषधांना दाद न देणारे जंतू. अहो, आजवर इतिहासजमा लसीच झाल्यात! जखमेत, रक्तात शिरणाऱ्या स्टॅफ ऑरियस जंतूवर मर्क कंपनीची लस व्ही७१०, छातीच्या शस्त्रक्रियेआधी द्यायची. २०११ मध्ये चाचणी बंद. लस घेऊनही ज्यांना स्टॅफ झाला, त्यांच्यात प्लॅसिबोवाल्यांपेक्षा (नुसती खोटी लस टोचलेल्यांपेक्षा) मृत्यू जास्त. फायझरनेही २०१८ मध्ये गाशा गुंडाळला. आयसीयूतल्या क्लेब्सिएला जंतूच्या कॅप्सूलचे, म्हणजे बाहेरच्या शर्करेच्या आवरणाचे, ७० हून जास्त प्रकार, एका कुपीत किती कोंबणार?

कल्चरप्लेट: आयसीयूतल्या जंतूंवरून सगळ्यावर बोळा फिरवू नका. सिंधच्या हैदराबादेत २०१६ पासून सेफ्ट्रिॲक्सोन या इंजेक्शनच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा टायफॉइड पसरला. तोंडाने द्यायला अझिथ्रोमायसिनच उरलं. पाकिस्तानने २०१९ मध्ये टायफॉइडची कॉन्ज्युगेट (जोड) लस नियमित लसीकरणात घेतली. टायफॉइडच्या जंतूची व्हीआय नावाची कॅप्सूल टिटॅनस टॉक्सॉइड या प्रथिनाला जोडलेली, २५ मायक्रोग्रॅम, अर्धा मिली, स्नायूत, सहा महिन्यांपासून. नुसती शर्करा दोन वर्षांखाली चालत नाही, टी-पेशी ढिम्म हलत नाहीत. म्हणून ती जोडणी.

सुदामानगर: आधी तो टायफॉइड तरी असतो का? इंदुरात ताप आला की विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी, १:८० (रक्तद्रव ८० पट पातळ करूनही पॉझिटिव्ह) दिसलं की सलाईन आणि सेफ्ट्रिॲक्सोन. औषधांना दाद न देणं, रेझिस्टन्स, इथेच पिकतो.

कल्चरप्लेट: विषय विडालचा नाही.

सुदामानगर: तोच आहे! स्लाइडवर थेंब टाकून गुठळ्या बघायच्या, ट्यूबमध्ये तो आकडा, म्हणजे टायटर, काढायचा आळस. मलेरियातसुद्धा पॉझिटिव्ह येते ती. मोठ्या माणसाचं ८-१० मिली रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायला, हवं. घेतात २ मिली, तेही तिसऱ्या इंजेक्शननंतर. मग म्हणायचं, "कल्चरमध्ये काही आलंच नाही."

रामबागकर: नीट घेतलं तरी कल्चर दहातले चारेक टायफॉइड चुकवतं, तेही सांगा की. वर रिपोर्टला दोन-तीन दिवस.

सुदामानगर: चुकवतं. पण आलं तर कोणतं औषध चालेल ते हातात देतं. विडाल काय देते? बिल.

लोकमान्यनगर: लस घेतली की विडाल पॉझिटिव्ह येईल ना?

कल्चरप्लेट: नाही हो. विडाल जंतूच्या ओ आणि एच या भागांविरुद्धची प्रतिपिंडं बघते, लस व्हीआयची. पण टायफॉइडसारखाच ताप आणणाऱ्या पॅराटायफी ए जंतूला व्हीआय नसतेच, तेव्हा लसीच्या भरवशावर सराफ्यात पाणीपुरी हाणू नका.

रामबागकर: बरं, टायफॉइड तुमचा. कॅप्सूल एकच, म्हणून सोपं गेलं. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकसच्या ७ प्रकारांवर लस आली तर तिच्यात नसलेला १९ए प्रकार बोकाळला. क्लेब्सिएलावर काढा, पेढे मी वाटतो.

कल्चरप्लेट: त्याच्या पृष्ठभागावरच्या ओ-अँटिजेनचे प्रकार मोजकेच आहेत, लस त्यांच्यावर काढा.

रामबागकर: आणि कॅप्सूलखाली दडलेले! नवजात बाळांना वाचवायला गर्भवतीला द्यायची म्हणाल, तर नाळेतून आईची प्रतिपिंडं, आयजीजी, मुख्यतः शेवटच्या तिमाहीत उतरतात. २८ आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाला काय मिळणार?

सुदामानगर: त्या बाळाचं तरी कल्चर पाठवा. निदान १ मिली. आणि आधी, नंतर नाही.