तालुकावार अ‍ॅनिमियाची आकडेवारी कुठे मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गरोदर बायकांमधल्या अ‍ॅनिमियावर आशाताईंसाठी एक छोटी पुस्तिका करते आहे. तालुकावार आकडे हवेत आणि तिथेच गाडी अडली आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं (२०१९-२१) जिल्हा पत्रक मिळालं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांचं रक्त कमी, आधीच्या फेरीत हाच आकडा ४८ होता. वाचून पोटात गोळा आला. पण हे नमुना सर्वेक्षण, जिल्ह्याच्या खाली उतरत नाही.

मग एचएमआयएसकडे (सरकारी आरोग्य केंद्रांची माहिती गोळा करणारी ऑनलाइन प्रणाली) वळले. तिथे उपकेंद्रापासून दरमहा माहिती भरली जाते. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी किती, ७ पेक्षा कमी किती, असे वेगळे रकानेच आहेत, म्हणजे मला हवं तेच! एका कार्यालयातून स्कॅन केलेलं पत्रक हाती आलं, तर पानं आडवी, १ आणि ९ सारखेच दिसतात, आणि तपासणी किती जणींची झाली तो रकाना कडेला कापला गेलाय. त्याशिवाय टक्केवारी काढणार कशी?

कोणी एचएमआयएसवरून तालुक्याची माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेतली आहे का? पायऱ्या सांगाल? नाहीतर माहिती अधिकारात (२००५ चा कायदा, ३० दिवसांत उत्तर) अर्ज करीन. तो जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे करू की जिल्हा शल्यचिकित्सकांकडे? अर्जाचा नमुना असेल तर जरूर द्या. पुस्तिकेत चुकीचा आकडा जायला नको, म्हणून विचारते आहे.